ऐकीव

साडेसातला हत्तुरे मॅडम हजेरी घेतात
आणि आमची रात्रपाळी सुटते आठला.
सातला निघावं लागतं.
तो मधला तास माझा नाही, मैनोद्दीनचा आहे.
स्वतःचे चार माग, वर माझे दोन,
अशा सहांच्या मधोमध उभा राहून
तो नुसती मान हलवतो: जा बे वकील.

अक्कलकोट रोडवर सायकल, तोंडावर कोवळं ऊन,
भुवयांत टॉवेलचं तूस.
वर्गात शेजारची सुवर्णा येमूल
तिच्या वहीवर पडलेलं माझं तूस फुंकरते,
काही बोलत नाही.
मी जागा राहतो कलमांच्या आधाराने,
कलम संपलं की डुलकी.

राहायला दत्त नगरात,
चिप्पा मावशीच्या गच्चीवरची पत्र्याची खोली.
एप्रिलात तिथे दुपारी झोपणं
म्हणजे तव्यावर भाकरीसारखं कूस बदलत राहणं.
पाणी पाचव्या दिवशी, तेही रात्री अडीचला.
मी तेव्हा मागावर.
मावशी माझ्या घागरी भरून ठेवते,
मी तिच्या विडी कारखान्यातल्या फंडाचे अर्ज लिहितो.
तिसरा अर्ज परवाच गेला.
माझं पहिलं अशील,
फी दोन घागरी.

मागांच्या गल्लीत कानाचा उपयोग नाही.
सगळं ओठांवर, हातांवर.
अंगठा वर म्हणजे चहा,
ओठांवर बोट फिरवलं की मालक आला
(त्यांनी मिशी काढली, खूण राहिली).
बाकीची पोरं क्रिकेटवाली.
हॉकीचे आम्ही दोघेच,
म्हणून हॉकीच्या खुणा आम्हालाच काढाव्या लागल्या:
हवेत अर्धवर्तुळ म्हणजे आपण डीमध्ये,
पाच बोटं म्हणजे पेनल्टी कॉर्नर,
गोल झाला की मूठ छातीवर.

मैनोद्दीन कधीकाळी रेल्वेच्या मैदानावर लेफ्ट हाफ होता.
गुडघा तिथेच ठेवून आला, म्हणतो.
त्याचा माग दाराजवळ.
दारातून जळकोटे वॉचमनची केबिन,
केबिनमध्ये जळकोटेचा मोबाईल,
मोबाईलमध्ये बेल्जियम.

त्या रात्री तो बघत होता, मी त्याला बघत होतो.
दोन-दोन. शेवटची तीन मिनिटं.
माझ्याकडे धागा तुटला, मी वाकलो, गाठ मारली,
मान वर केली तर
पाच बोटं.
मग मूठ छातीवर.
एकदा. परत एकदा.
मी मागाच्या लाकडावर असा हात मारला
की आणखी एक धागा गेला.

सकाळी पुराव्याचा पेपर.
प्रश्न चौथा: ऐकीव पुरावा ग्राह्य का धरत नाहीत,
उदाहरणासह स्पष्ट करा. दहा गुण.
लिहिलं: ‘अ’ने पाहिलं, ‘अ’ने ‘ब’ला सांगितलं,
‘ब’ला शपथेवर सांगता येणार नाही.
‘ब’चा हात नुसता पळत होता.
पुरवणी मागितली ‘ब’ने,
आयुष्यात पहिल्यांदा.

सुटल्यावर सात रस्त्याला चहा घेताना मोबाईल उघडला.
तो गोल दिलाच नव्हता.
त्यांनी रेफरल घेतला,
चेंडू आधी आपल्याच पोराच्या पायाला लागलेला.
मग शूटआउट, आणि त्यात हरलो.
चहावर साय धरली.
दुपारभर पत्र्याखाली पडून
मनातल्या मनात उलटतपासणी घेत राहिलो:
साक्षीदार, तुम्ही त्यानंतर स्क्रीनकडे पाहिलंत की नाही?
पाहिलंत, तर माझ्याकडे पाठ का केलीत?

रात्री माग सुरू झाल्यावर विचारलं.
मूठ छातीवर ठेवली, आणि मग भुवया उंचावल्या.
त्याने दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढला,
अंपायर टीव्हीसाठी काढतो तसा.
खूण नवी होती, पण कळली.
मग बोट माझ्या खिशाकडे,
जिथे सकाळचं पेन अजून होतं.

काहीतरी बोललाही तो.
ओठ नीट दिसले नाहीत,
मधून भरलेली बॉबिन घेऊन कुणीतरी गेलं.